डिसेंबरातली अटलांटिक वादळं: समुद्र बिघडला की कॅलेंडर?

खारा_वारा
'अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो. त्यानंतर वादळ उठलं म्हणजे समुद्र बिघडला.' काल हे इथे वाचलं आणि राहवेना. समुद्राला तारीख कळते का? मोसमाचा शेवट आधी १५ नोव्हेंबर धरत, १९६५ पासून ३० नोव्हेंबर. बहुतेक वादळं आत बसावीत एवढाच हेतू, बाहेर चार-दोन उरणारच. १९५४ च्या ३० डिसेंबरला उठलेली ॲलिस वर्षअखेरीलाच हरिकेन (म्हणजे जोरदार चक्रीवादळ) झाली आणि नव्या वर्षात कॅरिबियनमधल्या लीवर्ड बेटांवरून गेली. तेव्हा काय बिघडलं होतं?

समभाररेषा
एका ॲलिसवर किती दिवस काढणार? २००३ च्या डिसेंबरात ओडेट आणि पीटर, २००५ मध्ये झीटा, २००७ मध्ये ओल्गा. पाच वर्षांत चार! पाणी २६.५ अंशांवर असल्याशिवाय वादळ उठत नाही. पाणी तापतंय, मोसम लांबतोय. सरळ हिशेब.

खारा_वारा
इथेच घोडं पेंड खातं. २६.५ चा आकडा खोल उष्ण कटिबंधातला. उशिराची बरीच वादळं आडवाटेने येतात. वरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहातून थंड हवेचा एक तुकडा तुटतो आणि खाली साधा कमी दाबाचा पट्टा अडकून पडतो. आघाड्या, म्हणजे थंड-उबदार हवेच्या सीमा, विरतात, केंद्राजवळ गडगडाटी ढग जमतात, त्यांच्या उष्णतेने गाभा तापतो. वरची हवा पुरेशी थंड असेल तर कोमट पाणीही पुरतं. २०१६ च्या जानेवारीत ॲलेक्स उत्तर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ हरिकेन झालं, पाणी होतं साधारण २२ अंश. तुमचा सरळ हिशेब तिथे लावून दाखवा.

चहाटळ
दोघंही नावं मोजताय. असल्या आडवाटेच्या, अर्धवट उष्णकटिबंधीय वादळांना उपोष्ण म्हणतात. २००२ पर्यंत त्यांना आधी ठरलेल्या यादीतलं नाव मिळत नव्हतं, नुसता क्रमांक. पीटर आणि ओल्गा दोन्ही उपोष्ण म्हणून सुरू झाली. दहा वर्षं आधी आली असती तर तुमच्या 'पाच वर्षांत चार'मधली दोन निदान सुरुवातीला बिननावाची राहिली असती. नामकरण वाढलं, वादळं नव्हे.

समभाररेषा
अर्धवट माहिती! नाव नसलं तरी १९६८ पासूनची उपोष्ण वादळं अधिकृत नोंदवहीत मोजलेली आहेत. मी नोंदी मोजतो, बारशी नाही.

चहाटळ
१९६८ च्या आधीचं काय? १९६० पर्यंत हवामान उपग्रहच नव्हते. भर समुद्रातलं वादळ सहसा एखादं जहाज त्यात सापडलं तरच कळायचं. आजही चुकतं: २०२३ च्या जानेवारीतलं उपोष्ण वादळ नंतरच्या फेरतपासणीत सापडलं, म्हणून ते बिननावाचं. आणि खारा_वारा, तुमच्या लाडक्या ॲलिसची गंमत ऐका. ती २ जानेवारीला लक्षात आली म्हणून १९५५ च्या यादीतलं पहिलं नाव मिळालं. नंतर कळलं, जन्म डिसेंबरातला. जूनमध्ये एक ॲलिस होऊन गेलेली, म्हणजे १९५४ च्या नावावर दोन ॲलिस!

भरतीची_वेळ
आपल्याकडे असले वाद नाहीत. ओखी २०१७ च्या नोव्हेंबर-अखेरीस उठलं, डिसेंबरात कोकणासमोरून गेलं.

खारा_वारा
ओखी उत्तर हिंदी महासागरातल्या ऐन मोसमातलं. ते इथे कशाला?

दर्यावर्दी
बारशी झाली असतील तर ओल्गाकडे बघा. ऑक्टोबरअखेरीच्या नोएलने डोमिनिकन रिपब्लिकची जमीन आधीच भिजवलेली. त्यावर ११ डिसेंबरला ओल्गा. तावेरा धरण भरत आलं, रात्री दरवाजे उघडले आणि याके देल नोर्ते नदीच्या काठची घरं वाहून गेली. वारे बेताचेच होते, माणसं पाण्याने मेली. 'मोसम संपला' म्हणून धरणातली मोकळी जागा भरू दिली की हेच होणार. यॉटच्या विम्याच्या बऱ्याच करारांतही वादळी पट्ट्याबाहेर राहायची अट फक्त मोसमापुरती. १ डिसेंबरला मंडळी खुशाल दक्षिणेला निघतात. ३१ डिसेंबरपर्यंत मोसम वाढवा म्हणजे झालं.

खारा_वारा
नको. सुमारे ९७ टक्के वादळं सध्याच्या चौकटीत बसतात. उरलेल्या तीन टक्क्यांसाठी महिनाभर भोंगा वाजवला तर ऑगस्टातही कुणी ऐकणार नाही. धरणवाल्याने तारीख सोडून पावसाचा अंदाज आणि पाणीपातळी पाहावी.

समभाररेषा
अंदाज? २००५ च्या डिसेंबरात एप्सिलॉन वादळ उद्या मंदावेल, परवा मंदावेल असं अंदाजवाले म्हणत राहिले. ते पाचेक दिवस हरिकेन राहिलं.

खारा_वारा
बरं, एप्सिलॉन तुमचं. पण पाणी २६.५ च्या खाली होतं हेही लिहून ठेवा.

समभाररेषा
ठेवलं. ॲलेक्सच्या शेजारीच.