लक्झरी टॅक्सची डिमांड फूटनोटला टाकू की डिस्क्लोजर देऊ?

म्हापशाची_अकाउंटंट
नमस्कार मंडळी, कळंगुटच्या बाजूच्या एका छोट्या हॉटेलचे हिशेब मी बघते, प्रायव्हेट लिमिटेड आहे, टर्नओव्हर ६-७ कोटी, मोठ्या कंपन्यांचे इंड-एएस आम्हाला नाहीत, साधे एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड्स). यंदा तीन गोष्टींवर अडकलेय. जीएसटीच्या आधीच्या लक्झरी टॅक्सची (हॉटेलांवरचा कर) १४ लाखांची डिमांड, म्हणजे डिपार्टमेंटची 'भरा' म्हणून नोटीस, तिचं अपील चालू आहे. मग मालकांनी (तेच डायरेक्टर) खिशातून कंपनीला दिलेलं कर्ज. आणि जूनच्या पावसात समुद्राकडची भिंत न् दोन कॉटेज गेली, म्हणजे वर्ष संपल्यानंतर. मालक म्हणतात बॅलन्स शीटखाली बारीक अक्षरात फूटनोट मार न् मोकळी हो, ऑडिटर म्हणतात डिस्क्लोजर, म्हणजे पूर्ण माहिती, नीट द्या. नक्की काय कुठे जातं? चवथीआधी सह्या झाल्या तर बरं, नंतर आमच्याकडे कोणी जाग्यावर सापडत नाही.

पणजीचा_आर्टिकल
एवढं टेन्शन कशाला, सगळं फूटनोटला टाका, लिहिलंय म्हटल्यावर ऑडिटर काय बोलणार 😀

फोंडेकर_सीए
आर्टिकल बाब, सीएच्या परीक्षेत असलं लिहू नकोस. एएस १ मध्येच आहे की चुकीची ट्रीटमेंट नुसती डिस्क्लोज केली म्हणून बरोबर होत नाही.

ताई, फूटनोट की डिस्क्लोजर हा प्रश्न नंतरचा, आधी बघा आकडा हलतो का. १४ लाखांचं वकिलांना विचारा, आणि लेखी घ्या, फोनवर सगळेच म्हणतात केस स्ट्राँग आहे. पैसे जाण्याचीच शक्यता जास्त असेल तर एएस २९ प्रमाणे प्रोव्हिजन (तरतूद), नफ्यातून कापायची, तिथे नोट लिहून सुटका नाही, आणि मालकांना बहुतेक हेच टाळायचं असणार. होईल किंवा नाही होणार अशी स्थिती असेल तर कंटिंजंट लायबिलिटी (संभाव्य देणं), नोट्समध्ये (हिशेबाला जोडलेल्या टिपांमध्ये) रक्कम, कसली डिमांड, अपील कुठे आहे हे सगळं लिहून. शक्यता अगदीच दूरची असेल तर काहीच नको. अपिलासाठी काही रक्कम आधी भरली असेल तर ती अ‍ॅसेट्समध्ये दिसेल, तेही त्याच नोटमध्ये सांगा.

कर्जाची रक्कम बॅलन्स शीटवर बॉरोइंग्जमध्ये, तपशील नोट्समध्ये, एएस १८ चं रिलेटेड पार्टी (कंपनीशी संबंधित माणसांशी व्यवहार) डिस्क्लोजर वेगळं. शिवाय पैसे स्वतःचे आहेत, उसने घेऊन दिलेले नाहीत असं डायरेक्टरचं डिक्लरेशन घ्या आणि बोर्ड रिपोर्टमध्येही (डायरेक्टरांच्या वार्षिक अहवालात) उल्लेख करा, नाहीतर ते डिपॉझिट धरलं जाईल.

भिंतीचं बरेच जण चुकवतात. ३१ मार्चला भिंत उभी होती ना, मग आकड्यांना हात नाही. आणि एएस ४ मध्ये असली घटना नोट्समध्ये नाही, बोर्ड रिपोर्टमध्ये सांगायची, कंपनी कायद्याचं कलम १३४(३)(एल) पण तेच मागतं. इंड-एएसवाल्या कंपनीला मात्र नोट्समध्येच द्यावं लागलं असतं. म्हणजे इथे डिस्क्लोजर आहे पण फूटनोट नाहीच. नुकसान इतकं मोठं असेल की हॉटेल चालेल की नाही हाच प्रश्न, तर मग आकडेच नव्याने बघावे लागतील, पण दोन कॉटेजनी तसं होत नसावं.

खरी फूटनोट लागते एखाद्या टेबलखाली एका आकड्याचा खुलासा करायला, जसं की मागच्या वर्षीची रक्कम रीग्रुप केली (दुसऱ्या गटात हलवली). बाकी सगळं नंबर घातलेल्या नोट्समध्ये, आणि बॅलन्स शीटवरच्या ओळीसमोर तो नोट नंबर हवाच, कंपनी कायद्याचं शेड्यूल ३ सांगतं. आणि शेड्यूल ३ हेही सांगतं की तपशिलाचा एवढा ढीग करू नका की महत्त्वाचं त्यात बुडेल.

बँकेतला_एक
मी लोनच्या फायली बघतो. आम्ही नफा बघायच्या आधी कंटिंजंट लायबिलिटीची नोट उघडतो हो. तिथे 'काही नाही' असेल आणि नंतर टॅक्स डिपार्टमेंटचा कागद हातात आला तर पुढचं सगळं अवघड, मग डिमांड १४ लाखांची असो नाहीतर १४ हजारांची. नीट लिहिलेली डिमांड बघून आम्ही लोन नाकारतो असं नाही, दोन प्रश्न जास्त विचारतो एवढंच. अजून एक, लाँड्रीवाला, सुतार वगैरे उद्यम रजिस्टर्ड (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मायक्रो किंवा स्मॉल असतील तर त्यांचं देणं बॅलन्स शीटवरच वेगळ्या ओळीत दाखवायचं असतं, ते फूटनोटला ढकलू नका.

म्हापशाची_अकाउंटंट
देव बरें करूं सगळ्यांना. भिंतीच्या इन्शुरन्सचा क्लेम टाकलाय, मालकांना तो रिसीव्हेबल (येणं) दाखवायचाय म्हणजे बॅलन्स शीट जरा बरी दिसेल. चालेल?

फोंडेकर_सीए
नाही. नुकसानच यंदाच्या हिशेबात नाही तर भरपाई कुठून येणार? आणि पुढच्या वर्षीसुद्धा मिळणार हे जवळजवळ नक्की झाल्याशिवाय अ‍ॅसेट धरायचा नाही, एएस २९ मध्ये असली आशा नोट्समध्येही देत नाहीत. बोर्ड रिपोर्टमध्ये भिंतीचं लिहाल तिथेच एक ओळ टाका, क्लेम दाखल केला आहे म्हणून.