ह्यू, व्हॅल्यू, टोन: सगळ्यांना एकच 'छटा'?

कोशकिडा
चित्रकलेवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' (१८७२) या चित्रापाशी अडकले. त्यातला नारिंगी सूर्य करड्या-निळ्या धुक्यात लख्ख उठून दिसतो, पण चित्राची कृष्णधवल प्रत काढली की तो जवळपास नाहीसा होतो. कारण सूर्य आणि भोवतालचं आकाश यांचा ह्यू वेगळा, व्हॅल्यू मात्र जवळजवळ एकच. मी ह्यूला 'रंग' आणि व्हॅल्यूला 'उजळपणा' लिहिलं होतं. संपादकांनी दोन्ही खोडून 'छटा' केलं. आता वाक्य असं झालंय: 'सूर्याची छटा आकाशाहून वेगळी असली तरी छटा तीच आहे.' कलेवरच्या लिखाणात छटाच रूढ आहे, असं त्यांचं म्हणणं. व्हॅल्यूला तुम्ही काय म्हणता? 'मूल्य' नको. ते वाचून चित्राची किंमत किंवा नीतिमूल्यं आठवतात.

रेघोटी
'गडद जांभळ्याचा उजळपणा' म्हणताना मीसुद्धा अडखळेन. आमचे चित्रकलेचे शिक्षक व्हॅल्यू हा शब्द वापरतच नसत. 'डोळे किलकिले कर आणि काय उरतं ते बघ' एवढंच सांगत. पापण्या मिटत आणल्या की रंग मागे सरतात आणि फिकं-गडद तेवढं शिल्लक राहतं. म्हणून मी 'फिका-गडदपणा' म्हणते. लांबलचक आहे, पण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

जुनी_पोथी
हजार वर्षांहून जुना शब्द हाताशी असताना फिका-गडदपणा कशाला? वर्तना! विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात आहे: 'रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः'. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची. रंगांची रेलचेल आवडते ती 'इतरे जनाः'. वर्तनेचे तीन प्रकारही दिलेत, त्यातला बिंदुज म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी केलेली.

रेघोटी
वर्तना ही क्रिया आहे, आकाराला गोलाई आणण्याची. व्हॅल्यू हा गुण आहे. सपाट रंगवलेल्या लाल चौकोनालाही व्हॅल्यू असते, वर्तना नसते. रंग मोजण्याच्या मन्सेलच्या पद्धतीत ती शून्य ते दहा अशी मोजतात, काळा शून्य आणि पांढरा दहा. जुना शब्द सुंदर आहे म्हणून तो दुसऱ्याच वस्तूला चिकटवू नये.

सहज_वाचक
'व्हॅल्यू' लिहा की सरळ. चित्रं काढणारे आपसात तेच बोलतात. कॅनव्हास, ब्रश, पोर्ट्रेट चालतं, मग इथेच सोवळं का?

जुनी_पोथी
कारण कॅनव्हास ही वस्तू आहे आणि व्हॅल्यू ही कल्पना. वस्तू नावासकट येते, हे मला मान्य आहे. कल्पना उसनी घेतली की आपण तिच्यावर विचार करणं सोडतो. छटेचंच पाहा. संस्कृतात छटा म्हणजे किरणांचा पुंज, तेज. आपण तिला रंगाची पोटजात करून टाकलं. छायेचं तर आणखी मोठं नुकसान केलं. मेघदूतात इंद्रधनुष्य 'रत्नच्छायाव्यतिकर' आहे, म्हणजे रत्नांच्या प्रभांची सरमिसळ. तिथे छाया झळाळते! आपल्याकडे ती फक्त सावली होऊन बसली.

तिरीप
छायेवरून आठवलं. चित्रात उजळ आणि गडद भाग ठळकपणे समोरासमोर ठेवण्याच्या पद्धतीला, कियारोस्कूरोला, सगळीकडे 'छायाप्रकाश' लिहितात, ते मला कायम खटकतं. इटालियनमधला स्कूरो म्हणजे काळोखा, गडद. सावली नव्हे. सावली कुणाची तरी असते, काळोख कुणाचाच नसतो. काराव्हाज्जोच्या 'सेंट मॅथ्यूला पाचारण'मध्ये (१५९९–१६००, रोम) अर्धी भिंत काळोखात बुडलेली आहे. चित्रात खिडकी आहे, पण तिच्यातून काही येत नाही. उजेड येतो उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून, चौकटीबाहेरून कुठून तरी, आणि टेबलाशी बसलेल्या करवसुली करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतो. त्या चित्राचा सगळा अर्थ या उजेडाच्या दिशेत आहे. त्याला छायाप्रकाश म्हटलं की झाडाखालची कवडशांची जाळी डोळ्यांपुढे येते. मी 'उजेड-काळोख' लिहीन.

जुनी_पोथी
तिथे उजेड नाहीच, प्रकाश आहे. उजेड दिवसाचा, दिव्याचा. कळतं तेव्हा डोक्यात 'प्रकाश' पडतो. मॅथ्यूच्या बाबतीत नेमकं तेच घडतंय.

तिरीप
म्हणूनच मला उजेड हवा. काराव्हाज्जोने संतांना मळक्या पायांची साधी माणसं केलं, खोली साधी ठेवली. दैवी ते साध्या उजेडातून दिसावं हीच त्याची ताकद. 'प्रकाश' लिहून आपण वाचकाला निष्कर्ष आधीच सांगून टाकतो.

सहज_वाचक
अंधार आणि काळोख यांत मात्र फरक वाटतो. दिवा गेला की अंधार होतो, काळोख दाटतो. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चं (१६४२) नाव काही मराठी मजकुरात 'रात्रीचा पहारा' असं वाचलंय. पण ते दृश्य रात्रीचं नाहीच. नाव खूप नंतर पडलं, वरचं वार्निश काळवंडल्यावर. १९४० च्या दशकात ते साफ केलं तेव्हा दिवसाचा उजेड पुन्हा दिसू लागला.

कोशकिडा
चर्चा छान चालली आहे, पण व्हॅल्यू राहिली. शिवाय पुढच्याच परिच्छेदात शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा दाखला आहे. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्याच्या विणकामात काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने शोध घेतला तर काळ्या रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो तसा भासत होता. यावर त्याने १८३९ मध्ये ग्रंथच लिहिला. इथे तर 'गडदपणा'सुद्धा डळमळीत होतो: असलेला गडदपणा की दिसणारा?

पारवा
भासण्यावरूनच सांगायचं तर, आपल्या भाषेत रंग आणि मन वेगळे काढताच येत नाहीत. संस्कृत 'राग' हा रंगणे या अर्थाच्या 'रञ्ज्' धातूवरून आला. तिथे तो रंगही आहे आणि ओढही, मराठीत त्याचा संताप झाला. रंग उडतो कापडाचा आणि चेहऱ्याचाही. विटतो रंग आणि विटतं मनही. व्हॅन गॉगच्या 'शयनगृहा'च्या भिंती आज निळ्या दिसतात. त्याने पत्रात त्या फिक्या जांभळ्या म्हटल्यात. रंगातलं लाल उडून गेलं आणि निळं उरलं. याला 'रंग विटला' म्हणताना मला त्या खोलीतलं एकटेपण वाढल्यासारखं वाटतं.
माझं टोपणनावही इथूनच घेतलंय. नाट्यशास्त्रात करुणरसाचा रंग 'कपोत' सांगितलाय. कपोत म्हणजे पारवा, आणि मराठीत पारवा हा रंगही आहे! दुःखाला काळा न देता पारव्याच्या पिसांचा करडा-निळा देणं ही केवढी बारीक नजर.

सहज_वाचक
आणि शृंगार श्याम, हास्य पांढरं, अद्भुत पिवळं. शृंगाराला लाल नाही, लाल गेला रौद्राकडे. व्हॅन गॉगनेही 'रात्रीच्या कॅफे'त (१८८८) लाल आणि हिरवा वापरून माणसाच्या भयंकर वासना दाखवायचा प्रयत्न केल्याचं लिहिलंय.

रेघोटी
खरं तर मराठीने व्हॅल्यू, क्रोमा (रंगाची तीव्रता) आणि भावना एकाच जोडशब्दात कोंबल्यात. पांढराशुभ्र आणि पांढराफटक मोजपट्टीवर शेजारी-शेजारी येतील, पण पहिल्यात स्वच्छता आहे आणि दुसऱ्यात रक्त उतरलेला चेहरा. ओठ लालचुटुक, डोळे लालबुंद. अदलाबदल करून बघा, चालत नाही. चित्राचं वर्णन करताना हे शब्द सोडून 'उच्च तीव्रतेचा लाल' का लिहायचं?

जुनी_पोथी
पिवळाजर्दमधला 'जर्द' फारसी. अर्थ पिवळाच. म्हणजे पिवळा-पिवळा!

सहज_वाचक
आणि तरीही शुद्ध मराठी वाटतो. व्हॅल्यूलाही शंभर वर्षं द्या.

कोशकिडा
संपादकांना परवा मजकूर द्यायचा आहे. 'सूर्य आणि आकाश सारखेच उजळ, रंग तेवढा वेगळा' असं नामाशिवायच लिहिलं तर?

तिरीप
उत्तम. पण रेघोटी, काळाभोर आणि काळाकुट्ट यांचं काय? दोन्ही शून्याच्या जवळ. मला वाटतं भोरमध्ये चमक आहे. काळेभोर केस उजेड परत देतात, काळाकुट्ट अंधार तो गिळतो. चित्रकाराला तकतकीत काळा आणि मॅट काळा हे दोन वेगळे रंगच असतात.

पारवा
चमकणारा तो काळाकुळकुळीत. काळेभोर ढग कुठे चमकतात? भोरमध्ये दाटपणा आहे.

तिरीप
ढगांना भोर कोण म्हणतं? ढग काळेकुट्टच.

पारवा
आम्ही म्हणतो. पाऊस हवा असेल तर भोर, नको असेल तर कुट्ट.