शाळेसमोरचा गतिरोधक नीट करून घ्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या गावात शाळेसमोर रातोरात डांबराचा उंचवटा टाकलाय. पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही. परवा तिन्हीसांजेला शेजारच्या काकू स्कूटरवरून मागच्या मागे उडाल्या, मनगट मोडलं. गतिरोधक हवाच, पोरं तिथूनच रस्ता ओलांडतात. पण रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद नि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. आमचा वीतभर उंच, रुंदी जेमतेम दोन फूट!

रस्ता नगरपरिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे कुठे कळेल? मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देताना वाहतूक पोलिसांनाही प्रत द्यावी का? कुणी असं काम करून घेतलं असेल तर अर्जाचा नमुना टाका ना. सोमवारी शाळा सुरू होतेय. तोवर आम्ही चुन्याने पट्टे मारतोय.