रोटिफरच्या जबड्यांत एवढा फरक का?

प्रश्न | प्राणिशास्त्र विद्यार्थिनी, परभणी
नमस्कार. पैठणजवळ नाथसागराच्या काठावरून प्लवकजाळीने घेतलेल्या पाण्यात ब्राकिओनस आणि अस्प्लांक्ना हे दोन्ही रोटिफर (पाण्यातील सूक्ष्म प्राणी) मिळाले. डोक्यावरचे पक्ष्माभिकांचे (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंचे) कडे दोघांतही फिरताना दिसते. मात्र ब्राकिओनसचा जबडा सतत हलतो, तर अस्प्लांक्नाचा बराच वेळ स्थिर राहतो. अन्न कड्यामुळेच आत येत असेल, तर जबडे इतके वेगळे का? जबडा सुटा करून कसा पाहावा?

उत्तर | निवृत्त प्राध्यापक, नांदेड
प्रथम एक खुलासा: कडे फिरत नाही. पक्ष्माभिका एकामागून एक लवत जातात, त्यामुळे चाक फिरल्याचा भास होतो आणि पाण्याचा प्रवाह मुखाकडे वळतो. ब्राकिओनस या प्रवाहातून आलेल्या सूक्ष्म शैवालांवर व जिवाणूंवर जगतो; म्हणून मॅस्टॅक्स या स्नायुमय घशातील त्याचे कायटिनयुक्त जबडे चिरडण्या-दळण्याच्या कामाचे असतात आणि अन्न येत राहील तोवर चालतच राहतात. अस्प्लांक्ना शैवालही खातो, पण मुख्यतः तो शिकारी आहे. त्याचे जबडे चिमट्यासारखे असून ते मुखाबाहेर काढून तो भक्ष्य, बहुधा दुसरा रोटिफरच, पकडून आत ओढतो. त्यामुळे शिकार नसताना ते हलण्याचे कारण उरत नाही. त्याला आतडे व गुदद्वार नसल्याने न पचलेली कवचे तो मुखावाटेच बाहेर टाकतो. आपल्या नमुन्यातील अस्प्लांक्नाच्या जठरात ब्राकिओनसचे कवच दिसते का, हे अवश्य पाहा; माझ्या मते वर्णनापेक्षा तो पुरावा अधिक बोलका ठरेल.

उत्तर | प्रयोगशाळा साहाय्यक, लातूर
जबडा सुटा करण्यासाठी एकच जीव काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घ्यावा आणि सौम्य सोडियम हायपोक्लोराइटचा अगदी लहान थेंब कडेने सोडावा. मऊ ऊती विरघळतात व जबडा उरतो. सूक्ष्मदर्शकावरून नजर हटवू नये, कारण इतका बारीक भाग एकदा वाहून गेला की पुन्हा सापडणे कठीण. हे द्रावण भिंगाला लागू देऊ नये.

उत्तर | निवृत्त प्राध्यापक, नांदेड
ही रीत योग्य आहे. शिवाय आपला ब्राकिओनस कॅलिसिफ्लोरस जातीचा असेल, तर मागच्या बाजूचे काटेही मोजून ठेवा; अस्प्लांक्नाने पाण्यात सोडलेल्या रसायनामुळे या जातीच्या पुढच्या पिढीला लांब काटे येतात आणि मग तिला गिळणे त्या चिमट्यालाही अवघड जाते.