शब्दचर्चा: 'सप्लाय चेन कनेक्टिव्हिटी'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका
एपेकवर, म्हणजे आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य मंचावर, एक लेख मराठीत आणते आहे. 'पुरवठा साखळी' आता रुळली, तिच्याबद्दल तक्रार नाही. गाडी अडते ती 'कनेक्टिव्हिटी'पाशी. 'जोडणी' लिहिलं की नळाची किंवा विजेची जोडणी डोळ्यांपुढे येते, 'संपर्क' म्हटलं की फोन, आणि 'संलग्नता' म्हटलं की विद्यापीठ. शिवाय साखळी म्हटली की ती जोडलेलीच असते, मग तिची 'जोडणी सुधारणे' म्हणजे नेमकं काय करणे? त्याच लेखात 'चोकपॉइंट', 'ट्रान्झिट' आणि 'मेंबर इकॉनॉमी' हेही ठाण मांडून बसलेत. चौघांचीही सोय लावा.

कोशवेडा
आधी मुळात काय म्हणायचंय ते पाहू. मालाच्या वाटेत कुठे कुठे खोळंबा होतो याची आठ ठिकाणं, म्हणजे तुमचे 'चोकपॉइंट', एपेकने 2009 साली नक्की केली. 2010 मध्ये योकोहामाला नेत्यांनी लक्ष्य ठेवलं की 2015 पर्यंत पुरवठा साखळीची कामगिरी 10 टक्क्यांनी सुधारायची, आणि ती मोजायची वेळ, खर्च व अनिश्चितता या तीन मापांनी.

त्या आठांपैकी रस्ते-बंदरांचा अपुरेपणा हे एक, आणि जहाज, रेल्वे, ट्रक यांचा एकमेकांशी मेळ नसणं हे दुसरं. बाकीची सहा कागदावरची आणि माणसांची आहेत. नियम काय आहेत हे कळत नाही आणि सरकारी खाती एकमेकांना विचारत नाहीत. स्थानिक लॉजिस्टिक कंपन्यांची कुवत तोकडी. कस्टम्समध्ये दिरंगाई. कागदपत्रांचा जाच. हद्द ओलांडली की मानकं बदलतात. माल तिसऱ्याच्या हद्दीतून पुढे न्यायची नीट सोय नाही.

म्हणून 'दळणवळण' हा शब्द बाद. तो वाचकाला थेट डांबरी रस्त्यावर नेऊन सोडतो. माझं मत 'सलगता'ला. माल निघाल्यापासून पोचेपर्यंत कुठेही खंड पडू नये, हा अर्थ त्यात आहे आणि 'सलग' हा शब्द घराघरात आहे. 'अखंडता' मात्र नको, तिच्यामागोमाग 'राष्ट्राची' आलीच.

मालवाहू
माल सोडवण्याच्या धंद्यात आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे कनेक्टिव्हिटी कोणी म्हणत नाही आणि सलगता तर नाहीच नाही. "माल सुटला का?" एवढंच विचारतात. सुटला किंवा अडकला, मधलं काही नाही.

अडकतो कसा तेही सांगतो. फळांचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर जहाजावरून उतरतो, यार्डात वीज लावून ठेवतात. कस्टम्सचे कागद साफ. पण वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र बघणारं खातं वेगळं, त्यांचा माणूस वेगळा, त्यांची रांग वेगळी. एकाची सही झाली हे दुसऱ्याला ठाऊक नाही. इकडे डेमरेजचं, म्हणजे माल वेळेत न उचलल्याच्या दंडाचं, मीटर चालू, विजेचं वेगळं, आणि आत फळं पिकतायत. यात रस्ता कुठे आला? रस्ता छान सहापदरी आहे हो.

दुसरा कायमचा घोळ एचएस कोडचा, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या क्रमांकाचा. पहिले सहा अंक जगभर सारखे, 1988 पासून तीच पद्धत आहे. त्यापुढचे अंक ज्याचे त्याने ठरवायचे. निर्यातदार त्याच्या हिशेबाने लिहितो, इकडचा अधिकारी इकडच्या. मग शंका निघते, शंकेला उत्तर द्या, उत्तरावर पुन्हा शंका.

अनुवादिका
मालवाहू, तुमचं पटतं, पण 'पुरवठा साखळी सुटली का' असं शीर्षक देता येणार नाही ना! वाचक समजेल सायकलची चेन उतरली.

हिशेबनीस
'अनिश्चितता' या तिसऱ्या मापाकडे जरा थांबून बघा, कारण शब्द त्यावरच ठरेल असं मला वाटतं. समजा दोन वाटा आहेत. पहिलीवर माल दर खेपेला 8 दिवसांत येतो. दुसरीवर एका खेपेला 4, पुढच्या खेपेला 12. सरासरी दोन्हीकडे 8 च. पण दुसऱ्या वाटेवर अवलंबून असलेल्या कारखानदाराला 12 दिवस पुरेल इतका साठा कायम बाळगावा लागतो. त्यात पैसा अडकतो, गोदामाचं भाडं जातं, माल जुना होतो ते वेगळंच. संथ पण ठरलेल्या वेळेला येणाऱ्या मालाशी व्यापारी जुळवून घेतो. लहरी मालाशी जुळवून घेता येत नाही.

तेव्हा कनेक्टिव्हिटीत 'भरवसा' हा अर्थही आहे. 'सलगता' तो थोडाफार पेलते, 'जोडणी' मुळीच नाही.

कोशवेडा
मान्य. आता चोकपॉइंट. भूगोलात आणि लष्करी भाषेत हा शब्द मलाक्कासारख्या चिंचोळ्या सामुद्रधुनीसाठी येतो, तिथे 'चिंचोळा मार्ग' चालेल. पण वर सांगितलेल्या आठांपैकी बरेचसे टेबलावर असतात, त्यांना चिंचोळं कसं म्हणायचं? 'गळचेपी' हा मुस्कटदाबीचा शब्द, 'अडथळा' फार ढोबळ. 'अडवणूक' तर कोणीतरी मुद्दाम केल्यासारखी वाटते.

मालवाहू
मुद्दाम होतच नाही असं नाही.

कोशवेडा
असो. 'कोंडी' घ्या. वाहतुकीची कोंडी असते, वाटाघाटींचीही असते. म्हणजे रस्ता आणि कागद दोन्ही त्यात बसतात. वर क्रियापद तयार मिळतं: कोंडी होते, कोंडी फुटते, कोंडी फोडतात. 'आठ कोंडीस्थानं' वगैरे संस्कृत जोडकाम करू नका, 'आठ ठिकाणी होणारी कोंडी' म्हणा.

पदनाम कोशाचा बळी
ट्रान्झिटसाठी कोशात बघून 'संक्रमण' लिहू नका, हात जोडून सांगतो. 'सीमापार संक्रमण व्यवस्था' असं वाचलं तर लोक मास्क शोधतील. 'पारगमन' वापरा. नेपाळला समुद्र नाही, त्याचा माल भारतातून येतो-जातो. त्याबद्दलच्या बातम्यांत 'पारगमन करार' हा शब्द दिसतो.

अर्थही त्यात नेमका येतो: माल मधल्या हद्दीतून पार जातो, तिथे राहत नाही. म्हणून त्यावर तिथला आयात कर लागत नाही. मात्र वाटेत तो गुपचूप विकला जाऊ नये म्हणून कंटेनरला सील ठोकतात आणि कराएवढी हमी घेतात. पलीकडच्या नाक्यावर सील शाबूत दिसलं की हमी मोकळी. दर हद्दीवर नवं सील आणि नवी हमी लागत असेल तर व्यवस्था असून नसल्यासारखी. सगळ्यांनी मिळून एकच हमी मानायची, हे प्रादेशिक सहकार्यातलं खरं काम.

अनुवादिका
वा. आणि मेंबर इकॉनॉमी? मी सरळ 'सदस्य देश' लिहिलं होतं.

कोशवेडा
ते आधी खोडा. एपेकमध्ये 21 सदस्य आहेत आणि त्यांत हाँगकाँग आहे, तैवानही आहे, तोही 'चायनीज तैपेई' या नावाने. हे दोघे आणि चीन, तिघेही 1991 मध्येच आले. एका टेबलाभोवती त्यांना बसवता यावं म्हणून 'देश' हा शब्दच टाळला. त्यामुळे 'सदस्य देश' लिहिणं म्हणजे नको त्या वादात पक्ष घेणं. 'सदस्य अर्थव्यवस्था' बरोबर आहे, पण जपून. नाहीतर 'सदस्य अर्थव्यवस्थांच्या अर्थव्यवस्था वाढल्या' अशी वाक्यं होतात. एकदा लिहून झालं की पुढे नुसतं 'सदस्य' पुरे.

हिशेबनीस
'करार' शब्दाचंही तसंच. एपेकमध्ये ठरतं ते स्वेच्छेचं असतं, कोणावर बंधन नाही. तिथे 'आराखडा', 'कृती योजना', 'लक्ष्य' लिहा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार मात्र खराखुरा करार आहे, 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू. लेखात दोन्ही येत असतील तर हा फरक शब्दांतूनच दिसला पाहिजे.

अनुवादिका
येतात दोन्ही, बरं झालं सांगितलंत. मग मी शीर्षकात 'पुरवठा साखळीची सलगता' ठेवते, पहिल्या परिच्छेदात एकदा 'कनेक्टिव्हिटी' देवनागरीत देते आणि मजकुरात जमेल तिथे 'माल न अडता पोचणे' असं उलगडून लिहिते. चोकपॉइंट 'कोंडी', ट्रान्झिट 'पारगमन'. एकच राहिलं: ट्रान्सशिपमेंट. तेही पारगमनच का?

मालवाहू
नाही नाही, ते वेगळं. त्यात माल एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढतो, हद्द ओलांडून आत जातच नाही. सिंगापूरला उतरणारे बहुतेक कंटेनर असेच पुढे जातात. कोणी 'जहाजबदल' म्हणतं, कळायला सोपं आहे. पण गोदीत विचाराल तर ट्रान्सशिपमेंटच म्हणा, नाहीतर समोरचा दोनदा विचारेल.