जुनी चारचाकी घेतल्यावर पुढे किती खर्च आला? मराठवाड्यातले अनुभव सांगा

परभणी
आईला महिन्यातून दोनदा नांदेडला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीत आता तिला बसवत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. दोन-सव्वादोन लाखांत दहा-बारा वर्षं जुनी गाडी बघतोय. किंमत सगळेच सांगतात, घेतल्यानंतरचा खर्च कोणी सांगत नाही. ज्यांनी जुनी गाडी वापरली आहे त्यांनी किती वर्षांची घेतली, पहिल्या वर्षी किती गेले, रस्त्यात कधी अडलात हे आकड्यांसकट लिहा. वाईट अनुभव असेल तर तो आधी लिहा.

अंबाजोगाई, शिक्षिका
माझी शाळा केज तालुक्यात, रोजचं जाणं-येणं. २०२१ मध्ये २०१२ची पेट्रोल वॅगनआर १ लाख ८५ हजारांना घेतली. पहिल्या दिवसापासून डायरी ठेवली आहे, त्यामुळे आकडे पक्के आहेत. पहिल्या चार महिन्यांत चार टायर १५,२००, बॅटरी ४,३००, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट ७,८००, पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड ५,४००, सर्व्हिसिंग ३,६००. एकूण ३६,३००. तेव्हा मी रडकुंडीला आले होते, फसवणूक झाली असंच वाटलं.

पण त्यानंतरच्या तीन वर्षांत मिळून ३१ हजार गेले, त्यातले साडेनऊ हजार एसीच्या कूलिंग कॉइलचे. रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही. आता कळतं की आधीच्या मालकाने विकायचं ठरवल्यापासून गाडीवर रुपया घातला नव्हता. त्याचे राहिलेले खर्च माझ्या गळ्यात पडले, एवढंच. म्हणून दादा, सव्वादोन लाख हातात असतील तर गाडी पावणेदोनचीच बघा.

आमच्याकडे गाडीच्या खालची, म्हणजे सस्पेन्शनची कामं लवकर निघतात. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, डांबराच्या लाटा होतात. बुश आणि लिंक रॉड टिकत नाहीत, मग गाडी कोणतीही असो. विमा मी थर्ड पार्टीच ठेवला आहे. १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी.

लातूर, टूरची गाडी चालवतो
माझा अनुभव पाण्याचा आहे. २०१६चा उन्हाळा, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. मी नुकतीच आठ वर्षं जुनी डिझेल गाडी घेतली होती. घरी बोअरचं पाणी, तेच रेडिएटरमध्ये टाकायचो. आधीच्या मालकानेही वर्षानुवर्षं तेच केलेलं. बादलीच्या कडेला जसा पांढरा थर बसतो तसाच आत बसत होता, हे डोक्यातच आलं नाही.

मे महिन्यात संभाजीनगरहून भाडं सोडून परत येत होतो. बीड सोडलं, मांजरसुंब्याचा घाट लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला. वाटलं, घाट संपेपर्यंत ओढू. तिथेच चुकलो. वर पोहोचेपर्यंत पिकअप गेला, बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. टोचन करून बीडला आणली. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, उडालेलं, हेडचं फेसिंग करावं लागलं, रेडिएटर नवा. सगळे मिळून २८ हजार, शिवाय आठ दिवसांची भाडी बुडाली. मिस्त्रीने जुना रेडिएटर कापून दाखवला. नळ्यांत खडूसारखा थर, काडीही जाईना.

तेव्हापासून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. डिकीत पाच लिटरचा कॅन कायम असतो. आणि काटा चढला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. आईला घेऊन निघणार आहात ना, मग एवढं पाळाच.

सेलू, शेतकरी
आमच्याकडं २००९ची बोलेरो हाय. २०१७ला घेतली, तीन लाख दहाला. मी एकच बघितलं होतं. सेलूत आमचा जो मिस्त्री हाय त्याला इचारलं, कोणत्या गाडीचं सामान इथंच भेटतं? तो म्हणला बोलेरो घ्या, रात्री दहाला बी पार्ट देतो. दोनदा कमानपाटे केले, एकदा क्लच, एकदा स्टार्टर. कवाच गाडी दोन दिसापेक्षा जास्त उभी राहिली न्हाई. आमच्या पावण्यानं त्याच पैशात भारी कंपनीची गाडी घेतली. गाडी लई चांगली, पण एका सेन्सरसाठी तीन आठवडे गॅरेजला पडून. सामान पुण्याहून यायलंय, उद्या यायलंय, असं चाललं. सोयाबीन तसंच घरात.

२०२४ला पंधरा वर्षं झाली. पासिंग परत केलं, पाच हजार फी, पर्यावरण कर येगळा. पाच वर्षं मिळाली. २०२५ला २० वर्षांच्या पुढच्या गाडीला १० हजार केले, ते धरूनच हिशेब करा.

अन सोयाबीनच्या थप्पीजवळ गाडी लावू नका. उंदरानं वायरिंग खाल्लं, सहा हजार गेले.

नांदेड
वाईट अनुभव आधी लिहा म्हणालात, म्हणून लिहितोय. २०२० मध्ये पुण्याच्या एका दलालाकडून सेडान घेतली. बाजारभावापेक्षा ७० हजारांनी स्वस्त, सीट कव्हर नवं कोरं, आत अत्तराचा वास. पहिल्या पावसाळ्यात खिडक्या आपोआप खाली जायला लागल्या, मग मीटर बंद, मग चालत्या गाडीचे दिवे गेले. इथल्या इलेक्ट्रिशियनने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. नेहमीच्या लांबीच्या पुढे पट्ट्यावर मातीची सरळ रेघ होती. सीट काढली तर रुळांना गंज, गालिच्याखाली वाळलेला गाळ. गाडी २०१९च्या पुरात बुडालेली होती, कागदावर मालक सांगलीचा. ६२ हजार घालूनही भरवसा बसला नाही, निम्म्या किमतीत काढली.

२०२५च्या सप्टेंबरात आपल्याकडे धाराशिव, बीड, लातूरला पाणी शिरलं. त्यातल्याही गाड्या धुऊन-पुसून विकायला येतील. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, याला दोन मिनिटं लागतात.

बीड, गॅरेज आहे
वरचं सगळं खरं आहे. तेवीस वर्षं हेच काम करतोय, थोडी भर घालतो.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गार पाहिजे. थंड इंजिनच खरं बोलतं. सेल्फ किती वेळ लागतो, पहिला धूर कसा आहे ते बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. मग ऑइलचं झाकण काढा. आत सायीसारखा पिवळट फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असेल, मला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मीटरवर ४५ हजार आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा-सात वर्षांचं रबर आपल्या उन्हात कडक होतं.

टायमिंग बेल्टवाली (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा असलेली) गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला ते विचारा. मालकाला सांगता आलं नाही, तर बदललाच नाही असं धरा आणि घेतल्या घेतल्या बदला. बऱ्याच इंजिनांत चालताना बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिनच उघडावं लागतं. ताईंच्या वॅगनआरला चेन आहे, तिला ते भय कमी. जुन्या पेट्रोल गाडीचे फ्युएल पाइपही तपासून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने चिरतं. पाइप चारपाचशेचा असतो, पण गळतीने आग लागू शकते.

छत्रपती संभाजीनगर
कागदांबद्दल थोडक्यात. मी घेतलेल्या गाडीचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेच्या ना हरकत पत्रासाठी तीन महिने मागच्या मालकामागे फिरलो. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बोजा आणि थकलेली चलानं आधी बघा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. नवी नंबर प्लेट बसली नसेल तर ते ७४५ रुपये आणि जीएसटीही तुमच्याच खात्यात.

परभणी
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईलाही वाचून दाखवलं. सेलूच्या काकांनी सांगितलं तसं आधी आमच्या जिंतूर रोडच्या मिस्त्रीला भेटलो. त्याच्या हाताखालून गेलेली २०१३ची एक पेट्रोल गाडी वसमतला विकायची आहे, मालक १ लाख ८० म्हणतोय. ४० हजार बाजूला काढून ठेवलेत. रविवारी सकाळी साडेसहाला मिस्त्रीला घेऊन निघतोय. मालकाला फोन केलाय, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका म्हणून.