लष्करी साठ्यातील प्रोपेलरचे पाते नागरी विमानाला चालेल का?

प्रश्न
काही टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने फिरणारे) प्रोपेलर नागरी मालवाहू विमानांवरही असतात आणि लष्करी वाहतूक विमानांवरही. मग लष्कराने निकालात काढलेले, वरकरणी निर्दोष आणि तोच पार्ट नंबर असलेले पाते नागरी विमानाला थेट का बसवता येत नाही?

उत्तर १
1944 च्या शिकागो कराराचे कलम 3 लष्करी विमानांना करारातून वगळते; त्यामुळे त्यांची उड्डाणयोग्यता प्रत्येक देश आपल्या पद्धतीने ठरवतो. नागरी प्रोपेलरला अमेरिकेत एफएए या हवाई नियामक संस्थेच्या नियमांतील भाग 35 आणि युरोपात ईएएसए या हवाई सुरक्षा संस्थेचे सीएस-पी हे निकष लागू होतात. भाग 35 नुसार हब (प्रोपेलरचा मध्यभाग) आणि पाते धरून ठेवणारी रचना कमाल अपकेंद्री भाराच्या (फिरताना पाते बाहेर ओढणाऱ्या बलाच्या) दुप्पट भार तासभर सोसू शकते, हे चाचणीने दाखवावे लागते. मात्र एकटे पाते मोडण्याची शक्यता आकड्यांत मांडता येत नाही, हे नियमच मान्य करतो (नियमाचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो), आणि म्हणून अशा भागाला ‘क्रिटिकल पार्ट’ ठरवून त्याचे अभिकल्पन, उत्पादन व सेवाकाळातील देखभाल या तिन्हींवर अखंड नियंत्रण ठेवायला लावतो. लष्करी साठ्यातील पात्याच्या बाबतीत नेमका हाच इतिहास अनेकदा हाती नसतो.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण नागरी कागद म्हणजे सुरक्षिततेची हमी असे कोणी समजू नये. 1995 मध्ये अमेरिकेत एएसए (अटलांटिक साउथईस्ट एअरलाइन्स) या कंपनीच्या उड्डाण 529 च्या प्रोपेलरचे पाते हवेतच तुटले. त्याच्या आतील पोकळीत गंजाच्या खड्ड्यातून तडा वाढत गेला होता आणि आधीच्या कार्यशाळेतील तपासणीत तो निसटला होता. 2017 मध्ये मिसिसिपीत अमेरिकी मरीन कोअरचे केसी-130टी हे लष्करी वाहतूक विमान कोसळून 16 जणांचा मृत्यू झाला, तेथेही 2011 च्या लष्करी ओव्हरहॉलमध्ये (संपूर्ण तपासणी-दुरुस्तीत) न काढलेला पात्यातील गंजच मूळ ठरला. दोन्ही ठिकाणी दोष बाहेरून दिसणारा नव्हता. त्यामुळे ‘वरकरणी निर्दोष’ या शब्दांना येथे फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे लष्करी पाते कायमचेच बाद समजायचे का?

उत्तर १
तसे नाही. सिरियल नंबरनुसार वापराचे तास, मागील ओव्हरहॉल आणि उड्डाणयोग्यता निर्देशांची (नियामक संस्थेच्या सक्तीच्या सुरक्षा आदेशांची) पूर्तता यांच्या नोंदी उपलब्ध असतील, ते पाते मान्य अभिकल्पनाशी जुळत असेल आणि अधिकृत प्रोपेलर कार्यशाळा तपासणीनंतर एफएए फॉर्म 8130-3 किंवा ईएएसए फॉर्म 1 (भाग वापरण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र) देण्यास तयार असेल, तर मार्ग खुला राहतो. विक्रेत्याकडे नोंदी नसतील, तर किंमत कितीही कमी असली तरी ते पाते घेऊ नये.